लिफ्ट क्रमांक सतराचं पान

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या स्क्रीनच्या मधोमध एक छोटी चौकट उघडली. आत दोनच शब्द होते: 'वाचलं का?' आणि खाली 'ठीक' असं बटण. चौकट साधी, राखाडी, निरुपद्रवी दिसणारी. पण ती तिथे उघडणंच शक्य नव्हतं, कारण ते शक्य होऊ नये याची व्यवस्था अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः केली होती, आणि या इमारतीत माझ्याइतकं डोकं असलेला दुसरा माणूस नाही हेही मला अकरा वर्षं ठाऊक होतं. मी 'ठीक' दाबलं. चौकट गेली आणि खाली लिफ्ट क्रमांक चाळीसचं पान दिसलं. बाबांनी लिहिलेलं. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. 'वाचलं का?' मग हसू आलं. कुणीतरी मला, मला, विचारत होतं की वाचलं का. चार मिनिटांत फोन वाजला. साहेबांच्या खोलीत एका मोठ्या इस्पितळाचे दोन लोक बसले होते, साहेब त्यांना भिंतीवर आमचं हेच पान दाखवत होते, आणि भिंतीवर दारभर उंचीची चौकट उघडली होती. "माझ्या भिंतीवर कोण विचारतंय रे, वाचलं का म्हणून?" साहेब ओरडले. साहेबांनी आयुष्यात काही वाचलेलं नाही, त्यामुळे तो प्रश्न त्यांना जास्त लागला असणार.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. सहाशेच्या वर लिफ्ट आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. एखादी पाचव्या मजल्यावर बोटभर खाली थांबते, एखादीचं दार थंडीत रुसतं. हे सगळं पूर्वी मेकॅनिकांच्या डोक्यात असायचं, आणि मेकॅनिक निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जायचं. म्हणून विकी काढायचं ठरलं: प्रत्येक लिफ्टचं एक पान, ज्याला जे माहीत आहे ते त्याने उठून तिथे लिहावं. लिहिणार कोण, तर सही करताना ज्यांची जीभ बाहेर येते अशी माणसं. कुणालाही लिहू दिलं की कुणीही काहीही लिहितो, हे एक. दुसरं असं की मजकुरात आज्ञा लपवता येते. कंप्युटर आज्ञा ओळखतो ती टोकदार कंसांवरून; < इथे उघडला, > इथे मिटला, मधे जे असेल ते करायचं. वाचणाऱ्याला काही दिसत नाही. त्याने नुसतं पान उघडलं की आज्ञा चालते, त्याच्या नावाने आणि त्याच्या अधिकारात. हे होऊ नये म्हणून मी चाळणी लिहिली होती. मजकूर सेव्ह होताना टोकदार कंस दिसला की तो मिटेपर्यंतचं सगळं कंसासकट उडवायचं. ठळक अक्षरं, नवा परिच्छेद अशा चार-पाच गोष्टींना तेवढी सूट. कचरा दाराबाहेरच. या चाळणीबद्दल मी दोनदा भाषण दिलं आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही ती कळली नव्हती, आणि मला त्याचंच समाधान वाटलं होतं.

अकराला सगळे साहेबांच्या खोलीत जमले. साहेब, सुरक्षेचा माणूस, मी आणि शिकवणीवाली. सुरक्षेच्या माणसाच्या टेबलामागे तीन प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली आहेत आणि त्याचा पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि पुढे चालू महिन्याचा आकडा. शिकवणीवाली सहा महिन्यांपूर्वी आली. काम तपासनिसाचं: आम्ही लिहिलेलं चालतं का ते बघायचं. वय पंचेचाळीसच्या पुढे. मधली कितीतरी वर्षं तिने घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या होत्या, नवऱ्याचं दुकान बुडालं तेव्हा पुन्हा नोकरीला लागली, आणि शिकवणीची सवय काही सुटली नव्हती. कुणी चुकलं की ती चूक सांगायची नाही, 'पुन्हा एकदा करून बघा' म्हणायची. मला म्हणाली होती एकदा. मी तिच्याकडे असं बघितलं होतं की तिने पुढचे दोन आठवडे मला काही विचारलं नाही. तिची कच्ची नेमणूक या शुक्रवारी संपत होती.

"कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिचे बंद तिने बोटाला गुंडाळले होते. "महिन्याभरात तीनदा लेखी कळवलं होतं. पहिल्या दोन मेलना उत्तर नाही आलं."

"आणि तिसऱ्याला?"

"आलं. 'तिथे कोण तडमडायला जातंय?' एवढंच."

सुरक्षेच्या माणसाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. उत्तर माझं होतं. मी साहेबांकडे बघत राहिलो.

"बरं, पण एक चौकट उघडली," साहेब म्हणाले. "त्याने काय आकाश कोसळतं?"

"प्रत्येक पानावर वर एक खूण असते बघा. 'वापरास योग्य'. ती लावायचा अधिकार तुम्हाला आणि दोन इंजिनियरांनाच आहे. मी चौकट दाखव असं लिहिलं. त्याऐवजी खूण लाव असं लिहिलं असतं, तर तुम्ही पान उघडल्याबरोबर खूण लागली असती. बिघडलेल्या लिफ्टवर. तुमच्या नावाने."

"म्हणजे मी सही केली असती?"

"हो. न करता."

साहेब पुष्कळ गोष्टी न करता करत आले आहेत, पण हे त्यांना पटलं नाही. ते माझ्याकडे वळले. चार वाजेपर्यंत त्यांना माझा लेखी अहवाल हवा होता, एकाच प्रश्नावर: ही पानं आधीपासून उघडी होती की हिने फोडली? "फोडली असतील तर शुक्रवारपर्यंत थांबायचं कारण नाही. आजच घरी." पिशवीचे बंद सोडवून तिने पुन्हा गुंडाळले. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. मला वाटलं, दोन ओळींचं काम आहे. फोडली, असं लिहायचं. या खोलीत मला खोटं ठरवणारं कोण होतं? एकाला कळत नव्हतं, दुसऱ्याला कळत असल्याचं नाटक करायचं होतं, आणि तिसरीचं कुणी ऐकणार नव्हतं.

पानं उघडी होती. मी उघडली होती. बाबांची पानं तेवढी माझ्या चाळणीतून जात नाहीत, 'विश्वासू' असा शिक्का आहे त्यांच्यावर, आणि तो शिक्का पानाला आहे, लिहिणाऱ्याला नाही. बाबा गेले, त्याला आता पाच वर्षं होतील. पानं राहिली, शिक्का राहिला, आणि त्या पानांवर आज कुणीही काहीही लिहिलं तरी ते थेट आत जातं. शाळेतल्या पोराने करू नये अशी चूक. ती मी का केली, याचा विचार मी करत नाही. खुर्चीत बसून समोरच्या काचेवर माशी चढताना बघत होतो आणि तोच विचार करत होतो. बाबा याच कंपनीत अडतीस वर्षं मेकॅनिक होते. हाताच्या रेघांत बसलेलं काळं ग्रीस घेऊन ते माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला आले होते आणि मी त्यांना मागच्या रांगेत बसायला सांगितलं होतं. ते बसले. हसत बसले, हेच मला सहन झालं नाही. पुढे मी शिकलो, याच कंपनीत वरच्या मजल्यावर आलो, आणि ते तळघरातून निवृत्त झाले. विकी सुरू होऊन दीडेक वर्ष झालं तेव्हा साहेबांनीच टूम काढली की म्हाताऱ्याला बोलवा, त्याच्या डोक्यात आहे ते उतरवून घ्या. माझ्या दाराशेजारी त्यांना टेबल दिलं. ते उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचे, प्रत्येक कळ घंटी दाबल्यासारखी दाबून, आणि तो आवाज दिवसभर माझ्या डोक्यात बसायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदावर एक खूण काढून मला दाखवली. "अरे, हे कुठे आहे यात?" मी कळ दाखवली. "आणि हिच्या उलट?" तीही दाखवली, शिफ्ट धरून दाबायची म्हणून सांगितलं. कशाला हवी, हे मी विचारलं नाही. त्यांना काही विचारायची मला सवय नव्हती.

जुन्या मेकॅनिकांची एक रीत होती. कंट्रोलच्या पेटीच्या दाराला आतून खडूने ते < अशी खूण करत, म्हणजे दार उघडलं. > अशी खूण करत, म्हणजे मिटलं. आणि उघडल्यापासून मिटेपर्यंत जे जपायचं ते त्या दोहोंच्या मधे लिहीत. हाताखालच्याला पहिला धडा तोच: मधलं वाचल्याशिवाय हात घालायचा नाही. बाबांनी विकीत तसंच लिहिलं. लिफ्टची साधी माहिती बाहेर आणि जिवाशी गाठ असलेलं सगळं दोन खुणांच्या मधे. आणि माझी चाळणी, जिच्यावर मी दोनदा भाषण दिलं, तिने नेमकं तेवढंच वेचून खाल्लं. एकवीस पानं. बाबा एकदा आवळलेला नट पुन्हा उघडून बघणाऱ्यातले नव्हते. सेव्ह केलं की पुढचं पान. तीन आठवडे ते बोट दाबत बसले आणि मी आतल्या खोलीत दार लावून घेत होतो.

मग सतरा नंबरच्या लिफ्टवर शिट्टीचा हात गेला. शिट्टी म्हणजे बाबांच्या हाताखाली तयार झालेला मेकॅनिक. काम करताना सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून शिट्टी. त्याने फोनवर सतरा नंबरचं पान वाचलं, पानावर मधलं काही नव्हतं, त्याने हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशी झाली. बाबा म्हणाले, "मी लिहिलं होतं." पान सगळ्यांसमोर उघडलं, ती ओळ नव्हती. साहेबांनी मला विचारलं, सिस्टीममधून एखादी ओळ आपोआप जाऊ शकते का? मी म्हणालो, शक्य नाही. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. मी खोटं बोललो नव्हतो. एक म्हातारा मेकॅनिक आणि माझी चाळणी यांत कुणी चूक केली असेल हे ठरवायला मला विचारसुद्धा करावा लागला नव्हता. त्या दिवशी जागेवर परत आलो आणि कशासाठी कोण जाणे, जुने मेल चाळले. कुठलंही पान सेव्ह झालं की त्याचा मजकूर मेलने मला येतो, आणि तो चाळणीच्या आधीचा असतो. ते मेल मी कधी वाचत नसे. सतरा नंबरच्या मेलमध्ये ओळ होती. अपघाताच्या दोन दिवस आधीची. मी ती वाचली, मेल एका बाजूला नेऊन ठेवला, आणि बाबांच्या यापुढच्या पानांवर शिक्का मारायची सोय करून टाकली. कुणाला काही सांगितलं नाही. सतरा नंबरची मोटार बदलली होती, झालं ते झालं होतं. बाबांवर ठपका ठेवून त्यांना माफ केलं, वयामुळे. ते परत येऊन बसले आणि आणखी सात महिने लिहीत राहिले. घरी जेवताना मात्र आईला सांगायचे, मी लिहिलं होतं गं. आई म्हणायची, मग असेल लिहिलेलं. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा भात कालवता कालवता थांबून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "नसेल लिहिलं. वय झालं आता." मी म्हणालो, "होतं असं, बाबा." त्या तीन शब्दांइतकं नीच मी काही बोललो नसेन, आणि त्याच वेळी मला मीठ हवं होतं, तेही मी त्यांच्याकडूनच मागून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात गेलो. कशाला गेलो ते सांगता येणार नाही. पाय मोकळे करायला म्हणू. शिट्टी तिथे स्टोअरच्या खिडकीत बसतो, सुटे भाग देतो-घेतो. खिडकीच्या कडेला पितळी घंटी आहे, ती मी वाजवली नाही, तरी त्याने वर बघितलं.

"या साहेब. आज इकडे कसे? वर चौकटी उघडतायत म्हणे."

"उघडली एक."

"म्हाताऱ्याच्या पानावर ना?" तो हसला. "उस्ताद गेले तरी विचारतायत, वाचलं का. मला रोज विचारायचे. मी म्हणायचो, हो हो, वाचलं."

तो डाव्या हाताने वॉशर मोजून पुडीत भरत होता. उजवा हात टेबलाखाली होता.

"मी कधी मनात धरलं नाही बघा त्यांच्यावर," तो आपणहून म्हणाला. "विसरला म्हातारा माणूस. त्या वयात कोण विसरत नाही? आणि चूक माझीपण होती. करंट बंद केल्यावर मी तीन मोजून हात घालायचो. सगळ्या लिफ्टला तीन. तीन पुरतात. त्याच दिवशी नाही पुरले." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्ही कशाला एवढं तोंड पाडता? शेवटच्या आजारात मी घरी येऊन सांगितलं होतं त्यांना, उस्ताद, मी माफ केलं. रडले हो."

हे मला माहीत नव्हतं. मी घरी नसेन तेव्हा. शिट्टीच्या या मोठेपणाचा मला अतोनात राग आला. ज्याने काही केलंच नव्हतं त्याला याने माफ केलं होतं, आणि त्याने ती माफी घेतली होती, रडून घेतली होती. दोघेही अडाणी. खिडकीची पत्र्याची कड हाताला थंड लागत होती, ती मी घट्ट धरून ठेवली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. "एक मीटर टेप दे," मी म्हणालो. त्याने दिली, वहीत माझी सही घेतली. टेप घेऊन मी जिन्याने पाच मजले चढलो.

वर माझ्या दारात शिकवणीवाली उभी होती. हातात घडी केलेला एक कागद. आत या म्हणेपर्यंत आत येत नाही ती. मी म्हणालो नाही, तरी आज आली.

"अहवालाबद्दल नाही आले," ती म्हणाली. "तुम्हाला जे लिहायचं ते लिहा. मी फक्त हे द्यायला आले. सहा ओळी आहेत. कालच चाचणीच्या कॉपीवर चालवून बघितल्या."

कागदावर खरंच सहा ओळी होत्या, पेन्सिलीने, पाढा लिहावा तशा एकाखाली एक. मी वाचल्या. दोनदा वाचल्या, कारण पहिल्यांदा चूक सापडली नाही.

"काढून कशाला टाकायचं कुणाचं?" ती म्हणाली. "खुणा जशाच्या तशा दाखवायच्या. आज्ञा म्हणून चालू द्यायच्या नाहीत, एवढंच. मग शिक्क्याची गरज नाही, कुणाला सूट नको, काही नको."

अकरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं असं नाही. दुसऱ्याच वर्षी सुचलं होतं. पण चाळणी बदलायची म्हणजे का बदलली हे कुणीतरी विचारणार, आणि मग सगळंच उलगडत गेलं असतं. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "आणखी काही?"

"हो. तुमच्या वडिलांची पानं मी सगळी वाचली. दोनशे चौदा."

"कशाला?"

"तपासायला. मग तशीच. फार चांगलं लिहितात हो." ती थांबली. "पहिल्या एकवीस पानांत ती उघडल्या-मिटल्याची खूण एकदाही नाही. बाविसाव्यापासून एकही पान तिच्याशिवाय नाही. अडतीस वर्षं काम केलेला माणूस अशी सवय मधेच नाही लावून घेत. त्या एकवीस पानांत काय होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. त्याच नजरेने, जिच्यापुढे ती पूर्वी दोन आठवडे गप्प बसली होती. या वेळी ती बसली नाही. उत्तर येईना तेव्हा तिने मुलाला वेळ द्यावा तसा मला वेळ दिला. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. टेबलावर मीटर टेप होती, तिचं पिवळं टोक मी नखाने आत-बाहेर करत होतो.

"त्यातल्या आठ लिफ्ट अजून चालू आहेत," ती म्हणाली. "दोन इस्पितळात."

हेही मला माहीत होतं. दर सहा महिन्यांनी मी ती यादी बघायचो आणि त्यातली एखादी भंगारात गेली की मला हलकं वाटायचं. नऊ वर्षांत तेरा गेल्या. उरलेल्या आठही जातील आणि मग सुंठीवाचून खोकला जाईल, असा माझा हिशोब होता. मधल्या काळात तिथे कुणी हात घातला तर? तर तो अडाणीपणाने घातला, असं म्हणायची मला सवय होतीच.

ती गेल्यावर मी दार लावलं आणि बाजूला ठेवलेले मेल काढले. एकवीस. सतरा नंबरचा पहिला उघडला. बाबांचं वाक्य तसंच होतं, शेवटी अनावश्यक जागा सोडून टाइप केलेलं. ते उचलून मी सतरा नंबरच्या पानावर ठेवलं आणि सेव्ह दाबलं. 'पान जतन झाले.' वाक्य नव्हतं. त्या पानावर शिक्का नव्हता, चाळणीने आपलं काम चोख केलं होतं. मी पुन्हा ठेवलं, पुन्हा सेव्ह केलं. पान जतन झाले. वाक्य नव्हतं. तिसऱ्यांदा मी ते माझ्या हाताने टाइप केलं, एका बोटाने नाही तरी सावकाश, एकेक अक्षर बघत. तीन आठवडे बाबा हेच करत होते, फरक एवढाच की ते मागे वळून बघत नव्हते. आणि मी सेव्ह दाबल्यावर ते माझ्या डोळ्यांसमोर गेलं. मला रडू आलं. पन्नाशी उलटलेल्या, डोकं असलेल्या माणसाला येऊ नये तसं, नाकातून.

अडीचला मी दार उघडून तिला हाक मारली. तिला काय म्हणून हाक मारायची हे मला कळेना, तिचं नाव मी सहा महिन्यांत कधी घेतलं नव्हतं. "बाई," मी म्हणालो, "जरा येता का? तुमच्या सहा ओळी बसवायच्या आहेत." ती आली, उभ्यानेच बसवल्या, शिक्का काढून टाकला, चाळीस नंबरवरची तिची चौकटही काढली, चाचणी घेतली. माझ्या कळफलकावर तिची बोटं भराभर चालत होती आणि मी बाजूला उभा होतो. मग मी बसलो आणि एकामागून एक एकवीसही पानांवर बाबांच्या ओळी परत ठेवल्या. या वेळी त्या राहिल्या. पान बदललं की सगळ्या मेकॅनिकांना मेल जातो, एकवीस गेले. चारला पाच मिनिटं कमी असताना साहेबांना अहवाल पाठवला. पानं आधीपासून उघडी होती. मी उघडी ठेवली होती. का, ते खाली लिहिलं, जेवढ्या तारखा होत्या तेवढ्या घालून, आणि सतरा नंबरचा मेल जोडला. शेवटी एक वाक्य लिहिलं की शुक्रवारी तपासनीस बाईंची नेमणूक पक्की करावी, या इमारतीत काम कळणारं तेवढंच माणूस आहे. माझं काय करायचं ते साहेबांना कळणार नाही, म्हणून त्याबद्दलही सुचवलं.

साहेबांचा फोन आला नाही. ते बहुतेक वाचत होते. जिन्यावर पावलं वाजली, मधे मधे थांबणारी, तळघरातून पाच मजले चढलेल्या माणसाची. शिट्टी दारात आला. डाव्या हातात फोन होता, धाप लागली होती. बाई अजून माझ्या टेबलाशीच होत्या. त्या सरकून भिंतीकडे झाल्या. शिट्टीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फोन डोळ्यांजवळ नेऊन मोठ्याने वाचलं, शाळेत वाचतात तसं, शब्दाशब्दावर थांबत:

"< करंट बंद केल्यावर ही एकदा दगा देते. पाच मोजावे, मग हात घालावा. माझ्या पोरांनी तीनवर घाई करू नये >"

"हे कधीचं आहे?" त्याने विचारलं.

"तुझ्या हाताच्या दोन दिवस आधीचं."

"उस्तादांनी लिहिलेलं?"

"हो. माझ्या चाळणीने खाल्लं. मला तेव्हापासून माहीत होतं."

तो आत आला नाही. दाराच्या चौकटीला टेकला. मला वाटलं, आता शिव्या देईल, धावून येईल. मी खुर्चीतून उठलोही. त्याने उजवा हात वर घेतला आणि अंगठ्याने एकेक बोट मोजायला लागला, ओठ हलवत. बोटं लवकर संपली. तो तिथेच थांबला, हाताकडे बघत.

"आणि मी त्यांना माफ करून आलो," तो म्हणाला.